कंसातले नाव: सातबाऱ्याचे डेटा मॉडेल आणि महसूल व संगणक या दोन बाजूंचे संभाषण

महाराष्ट्रातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याच्या कामाची सुरुवात केंद्र सरकारच्या १९८८-८९ मधल्या प्रायोगिक योजनेपासून झाली. आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत ती योजना राबवली गेली आणि त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. पुढे २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, २०१६ पासून तो डिजिटल इंडियाच्या छत्राखाली गेला, राज्यात फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, संगणकावर घेणारी ई-फेरफार ही आज्ञावली रुजली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना घरबसल्या मिळू लागला. पहिल्या योजनेपासून मोजले तर ही जवळजवळ तीन दशके होतात. एवढा काळ लागण्याची कारणे अनेक आहेत. गावोगावची वीज, इंटरनेट आणि तलाठ्याच्या माथी असलेली इतर कामे ही तर सर्वांना दिसणारी. या अभ्यासाचा विषय मात्र त्यांतले कमी दिसणारे एक कारण आहे. ज्याला नोंद कळते आणि ज्याला संगणकातले टेबल कळते, त्या दोघांना एकाच कागदावर बोट ठेवून वाद घालता यावा असा कागद आधी तयार करावा लागतो, आणि डेटा मॉडेल, म्हणजे कोणती माहिती कोणत्या चौकटीत साठवायची आणि त्या चौकटींची एकमेकींशी नाती काय हे सांगणारा आराखडा, हा तो कागद आहे.

ई-फेरफारच्या आतली टेबले हा येथे चर्चेचा विषय नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम आणि कोणाच्याही हाती असलेला उतारा, एवढ्यावरून मॉडेल कसे उभे राहते आणि ते उभे करताना दोन्ही बाजूंच्या मनातल्या कोणत्या गृहीत गोष्टी बाहेर येतात, हे येथे पाहायचे आहे. त्यासाठी घेतलेला गट (म्हणजे क्रमांक असलेला जमिनीचा तुकडा), त्यातली नावे आणि पुढे येणारी संभाषणे कल्पित आहेत. नोंदींची धाटणी मात्र कोणत्याही तालुक्यात आढळेल अशीच आहे.

नमुना म्हणजे टेबल नव्हे

काम जाणणाऱ्या बाजूला तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार आहेत. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले, पण गावात तो आजही भाऊसाहेबच आहे. गाव नमुने १ ते २१ त्याच्या हाताखालून रोज जातात. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद आणि नमुना ८अ म्हणजे एका खात्यावर गावात किती जमीन आहे त्याची नोंदवही, हे त्याला सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूला आज्ञावली लिहिणारे लोक आहेत. त्यांनी आयुष्यात सातबारा पाहिलेला असतो, बहुधा स्वतःच्या घरातलाच, आणि धोका नेमका तेथेच आहे. पाहिलेली गोष्ट कळलेलीच आहे असे वाटू लागते.

अशा दोन बाजू एकत्र बसल्या की सर्वांत सोपा मार्ग म्हणजे छापील नमुना समोर ठेवून जितके रकाने तितके टेबलचे कॉलम करणे. बैठक लवकर आटोपते, कागदावर दोघांच्या सह्या होतात आणि एकमत झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात एकमत झालेले असते ते कागदाच्या आखणीवर. रकान्यात लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ काय, ती कोणामुळे बदलते आणि एका ओळीत किती जण मावतात, यांपैकी एकाही प्रश्नाला हात लागलेला नसतो.

आता उदाहरण म्हणून हा गट पाहावा.

गट क्रमांक २१४. लागवडयोग्य क्षेत्र २.३० हेक्टर, पोटखराब (अ), म्हणजे लागवडीस अयोग्य, ०.१३ हेक्टर, एकूण २.४३ हेक्टर.
खाते ११८: [धोंडू रामा], महादू रामा ए.कु.मॅ., पार्वती धोंडू, दत्तात्रय धोंडू अ.पा.क. पार्वती. सामाईक क्षेत्र १.६० हेक्टर.
खाते २४५: महादू रामा. क्षेत्र ०.७० हेक्टर.
इतर अधिकार: [सोसायटी बोजा रु. ४०,०००], बँक बोजा रु. १,५०,०००, विहिरीत निम्मा हिस्सा, कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र.

या चार-पाच ओळींत प्रोग्रामरला आठ-दहा कॉलम दिसतात. तलाठ्याला एका घराचा साठ वर्षांचा इतिहास दिसतो. दोघेही बरोबर वाचत आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टी वाचत आहेत.

कंस

धोंडू रामा याचे नाव चौकोनी कंसात आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर नोंद खोडण्याची रीत नव्हती. व्यक्ती मयत झाली, जमीन विकली गेली किंवा कर्ज फिटले की तलाठी त्या नोंदीला कंस करी आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिही. संगणकावर नोंदी भरताना तो कंस अक्षर म्हणूनच नावाच्या रकान्यात जाऊन बसला, तर पुढे काय होते याचा विचार करण्यासारखा आहे. खातेदार मोजले की मयत माणूसही मोजला जातो. एखाद्या योजनेसाठी यादी काढली की त्याचे नाव तिच्यात येते. डेटा स्वच्छ करण्याच्या उत्साहात कोणी नावांतली विरामचिन्हे काढणारी चार ओळींची आज्ञा चालवली, तर कंस जातो आणि धोंडू रामा पुन्हा खातेदार होतो. त्यातच उर्फ नाव कंसात लिहिण्याचीही सवय आहे, त्यामुळे कंस दिसला म्हणजे नोंद कमी झाली असेही यंत्राला धरून चालता येत नाही.

या टप्प्यावरचे संभाषण साधारण असे होते.

"भाऊसाहेब, हे नाव काढून टाकायचं का?"

"काढायचं नाही. कंस करायचा."

"म्हणजे उताऱ्यावर दिसायला हवं?"

"दिसायला हवं, पण धरायचं नाही."

"दिसायला हवं, पण धरायचं नाही" हे वाक्य तलाठ्याच्या दृष्टीने पूर्ण आहे, पण प्रोग्रामरच्या दृष्टीने ते अर्धे आहे. तो स्वाभाविकपणे नोंद चालू की बंद हे सांगणारा एक कॉलम जोडतो आणि प्रश्न सुटला असे मानतो. मॉडेल कागदावर काढून त्यात दोन-चार खऱ्या नोंदी भरू लागले की तलाठ्याचे पुढचे प्रश्न येतात. नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले? वारसाने, खरेदीने, हक्कसोडपत्राने की वाटपाने? तोच फेरफार पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात रद्द झाला तर काय? चालू-बंद कॉलममध्ये यांपैकी एकाचेही उत्तर नाही. शेवटी दोन्ही बाजूंना मान्य होणारे वाक्य असे तयार होते: प्रत्येक नोंदीला ती दाखल करणारा एक फेरफार असतो आणि ती कमी करणारा एक फेरफार असू शकतो, कमी करणारा फेरफार मंजूर असेल आणि रद्द झालेला नसेल, तर ती नोंद उताऱ्यावर कंसात दाखवावी.

या वाक्यामुळे कंस डेटातून बाहेर पडून छपाईचा भाग झाला, आणि हे तांत्रिक सोयीपेक्षा बरेच मोठे आहे. सातबाऱ्यावरची कोणतीही नोंद फेरफाराशिवाय बदलत नाही, हे महसूल खात्यातले मूलभूत तत्त्व प्रोग्रामरला येथे पहिल्यांदा रचनेच्या रूपात दिसते. तोपर्यंत त्याच्या लेखी फेरफार हा सातबाऱ्याच्या शेजारचा आणखी एक नमुना होता. आता त्याला उमगते की मूळ घटना नमुना ६ मध्ये आहे आणि नमुना ७ हा त्या घटनांचा आजच्या तारखेचा परिणाम आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या स्वरूपात जे अकरा बदल झाले, त्यांतला एक असा होता की मयत खातेदार आणि कमी झालेले बोजे कंसात न दाखवता त्यांवर आडवी रेघ मारलेली दाखवावी. नोंद कमी झाल्याची खूण वेगळी साठवलेली असेल, तर असा बदल छपाईचा आराखडा बदलून होतो. कंस नावातच अडकला असेल, तर त्याच एका बदलासाठी राज्यभरातल्या नोंदी पुन्हा चाळाव्या लागतील.

क्षेत्र कोणाचे

दुसरा प्रश्न १.६० हेक्टरचा. खाते ११८ मध्ये हयात नावे तीन आहेत आणि क्षेत्र एकच लिहिले आहे. खातेदाराच्या टेबलमध्ये नाव आणि क्षेत्र असे दोन कॉलम शेजारी ठेवले, तर हा आकडा कोणापुढे लिहायचा? तिघांपुढे लिहिला तर बेरीज ४.८० होते आणि गट फुगतो. पहिल्या नावापुढे लिहून बाकीच्यांना शून्य दिले, तर महादू एकटाच धनी दिसतो आणि पार्वतीच्या नावापुढचे शून्य उद्या कोणीतरी खरे मानतो. तिघांत सारखे वाटले तर तो गणिताने केलेला जमिनीचा वाटप होतो. अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे होणारे वाटप आज्ञावलीने परस्पर करून टाकणे कोणत्याही तहसीलदाराला चालणार नाही.

मॉडेलमध्ये उत्तर सरळ येते. गट ही एक चौकट, खाते ही दुसरी, व्यक्ती ही तिसरी. एका खात्यात एक किंवा अनेक व्यक्ती असतात आणि एक व्यक्ती अनेक खात्यांत असू शकते, जसा महादू ११८ मध्येही आहे आणि २४५ मध्येही. एका गटात अनेक खाती असतात आणि एका खात्याची जमीन अनेक गटांत असते. क्षेत्राचा आकडा यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. तो गट आणि खाते यांना जोडणाऱ्या रेषेवर बसतो. तलाठ्याला हे सांगताना चौकटी आणि रेषा यांपेक्षा वाक्य बरे पडते: क्षेत्र खात्याला त्या त्या गटात असते, व्यक्तीला नसते. यावर कोणताही तलाठी मान डोलावेल, आणि लगेच अपवादही सांगेल.

अपवाद आणेवारीचा आहे. जुन्या नोंदींत काही ठिकाणी सहधारकांचे हिस्से आणे-पैंत लिहिलेले असतात. पूर्ण जमीन म्हणजे रुपया, म्हणजे सोळा आणे. तीन भावांचे हिस्से प्रत्येकी ५ आणे ४ पै, आणि बारा पैंचा एक आणा धरला की बेरीज बिनचूक सोळा. प्रोग्रामरने हा हिस्सा दोन दशांश स्थळांपर्यंत ०.३३ असा साठवला तर बेरीज ०.९९ होते, आणि उरलेला शंभरावा भाग कोणाचा हा प्रश्न त्या यंत्राने निर्माण केलेला असतो, गावाने नव्हे. हिस्सा अंश आणि छेद असे दोन आकडे करून साठवला की प्रश्न उरत नाही. ही सूचना संगणकाच्या बाजूने यावी लागते, पण ती सुचण्यासाठी आधी तलाठ्याने आणेवारीची नोंद टेबलावर ठेवलेली असावी लागते. नमुन्याच्या रकान्यांवर चर्चा केली असती तर ती नोंद निघालीच नसती, कारण आणेवारीसाठी वेगळा रकाना नाही.

याच रचनेतून महसुलाच्या बाजूला अनपेक्षित लाभ होतो. नमुना ७ आणि नमुना ८अ या दोन नोंदवह्या आहेत आणि त्यांचा मेळ घालत राहणे हे आपले काम आहे, असे तलाठ्याने आयुष्यभर मानलेले असते. गट-खाते रेषेवरचे आकडे गटानुसार मांडले की सात होतो आणि खात्यानुसार मांडले की आठ-अ होतो. मेळ घालण्यासारखे दोन आकडेच उरत नाहीत.

नावाला चिकटलेल्या गोष्टी

महादूच्या नावापुढचे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि दत्तात्रयच्या पुढचे अ.पा.क. म्हणजे अज्ञान असल्याने पालनकर्ता. दोन्ही गोष्टी त्या व्यक्तीच्या त्या खात्यातल्या भूमिका आहेत, नावाचे भाग नव्हेत. तोच महादू खाते २४५ मध्ये कोणाचा मॅनेजर नाही. भूमिका व्यक्ती-खाते या रेषेवर नेली की हे सुटते, आणि त्यावर फार काळ थांबण्याचे कारण नाही. उत्साही प्रोग्रामर मात्र येथे एक सोय सुचवतो की अज्ञान व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आज्ञावलीने पालनकर्त्याचे नाव आपोआप काढावे. तलाठी दोन कारणांनी नकार देतो. जन्मतारीख सातबाऱ्यावर नसते; आणि असती, तरी अर्ज व फेरफार यांशिवाय नोंद बदलता येत नाही. कंसाच्या वेळी ठरलेले वाक्य येथे पुन्हा कामाला येते, आणि या वेळी ते उच्चारणारा प्रोग्रामरच असतो, असा माझा अंदाज आहे.

इतर अधिकार या रकान्यात महसुलाच्या बाजूची स्वतःची ढिलाई दिसते. तेथे सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाई हुकूम, कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट असे सर्व काही एकाखाली एक लिहिले जाते. कागदावर हा रकाना म्हणजे घरातला माळा आहे. मॉडेल करताना प्रोग्रामर फक्त एक प्रश्न विचारतो: "यांपैकी कशामुळे पुढच्या खरेदीच्या फेरफाराला अडकाठी येते?" त्या प्रश्नाने माळा आवरायला लागतो. बोज्याला सावकार संस्था आणि रक्कम असते. कायद्याच्या अटीला रक्कम नसते, पण कलम आणि परवानगी देणारा अधिकारी असतो. विहिरीच्या हिश्श्याला दोन्ही नसून दुसऱ्या गटाशी किंवा खात्याशी नाते असते. मनाई हुकुमाला न्यायालय, दावा क्रमांक आणि मुदत असते. म्हणजे एका रकान्यात निदान चार प्रकारच्या गोष्टी होत्या. हे तलाठ्याला माहीत नव्हते असे नाही. ते त्याला कोणी अशा रीतीने विचारले नव्हते.

क्रमांक आणि तारखा

गट क्रमांक २१४ दर दुसऱ्या गावात असतो. खाते क्रमांक गावापुरता, फेरफार क्रमांकही गावापुरता. गावाचे नाव लिहावे तर एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द असतात, आणि एकाच नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली असतात. तलाठ्याच्या दप्तरात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दप्तरच एका गावाचे असते. राज्याचा डेटा एका ठिकाणी येताच प्रत्येक ओळखीच्या क्रमांकात गाव मिसळावे लागते. २०२० च्या बदलांत गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक छापला जाऊ लागला, तो वाचणाऱ्याला बिनकामाचा वाटत असला तरी त्याची जागा हीच आहे.

नोंदणी विभाग यात आला की तिसरी बाजू उभी राहते. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता या आज्ञावलीत नोंदले जाते आणि त्याची माहिती ई-फेरफारकडे जाते. एक दस्त म्हणजे एक फेरफार असे गृहीत धरणे स्वाभाविक आहे, आणि ते चुकीचे आहे. एकाच खरेदीखतात दोन गावांतले गट असले की प्रत्येक गावाच्या नोंदवहीत वेगळा फेरफार धरावा लागतो. दस्त क्रमांकही कार्यालय आणि वर्ष यांच्यासकटच एकमेव ठरतो. वारसाचा फेरफार तर दस्ताशिवायच होतो. म्हणून वाक्य असे होते: एका दस्तावरून एक किंवा अनेक फेरफार निघतात, एका फेरफाराला दस्त असेलच असे नाही.

तारखांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचा गोंधळ समसमान असतो. दस्ताची तारीख एक, फेरफार नोंदवहीत नोंद धरल्याची तारीख दुसरी, आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केल्याची तारीख तिसरी. मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवावा असे कलम १४९ सांगते. कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण नमुना ६अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते. या सर्व काळात सातबाऱ्यावर जुनेच नाव असते, आणि त्या उताऱ्याच्या भरवशावर कोणी दुसरा इसार देऊन बसला तर त्याला दोष कसा द्यावा? "आज धारक कोण" या प्रश्नाची दस्ताच्या तारखेने आणि मंजुरीच्या तारखेने दोन वेगळी उत्तरे येतात. मॉडेलमध्ये एकच तारीख ठेवली तर आज्ञावली त्यांपैकी एक उत्तर कोणालाही न विचारता निवडते. तीन तारखा आणि फेरफाराची अवस्था वेगळी ठेवली, तर प्रलंबित फेरफार उताऱ्यावर स्वतंत्रपणे दाखवता येतो, आणि २०२० पासून तो तसा दाखवला जातो. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्या अकरा बदलांतला सर्वांत उपयोगाचा बदल माझ्या मते हाच आहे.

येथे चौकटीच्या नावाबद्दल एक खबरदारी घ्यावी लागते. प्रोग्रामर सहजपणे "मालक" लिहितो. सातबाऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा, असतो, वर्ग १ किंवा (हस्तांतरणावर बंधने असलेला) वर्ग २, आणि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, एवढेच कलम १५७ म्हणते. चौकटीला मालक म्हटले की पुढे पडद्यावर, अहवालात आणि मोबाइलच्या संदेशात तोच शब्द जातो, आणि खात्याने कधीही न दिलेले आश्वासन आज्ञावली देऊन बसते.

नियम मोडणारी खरी नोंद

सर्व खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या लागवडयोग्य क्षेत्राइतकी असली पाहिजे. गट २१४ मध्ये १.६० आणि ०.७० मिळून २.३० होतात, म्हणून तेथे काही अडत नाही. पण हा नियम आज्ञावलीत सक्तीने बसवायचा का, या प्रश्नावर दोन बाजूंचे खरे मतभेद होतात आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग येथे आहे.

प्रोग्रामरला शिकवलेले असते की चुकीचा डेटा आत येऊच देऊ नये. तलाठ्यासमोर मात्र बेरीज न जुळणारा हस्तलिखित सातबारा असतो. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना एके काळी कोणी गुंठा म्हणजे आरच धरला असेल (गुंठा १०१.१७ चौरस मीटर आणि आर १०० चौरस मीटर, त्यामुळे छोट्या क्षेत्रात फरक जाणवत नाही आणि मोठ्या क्षेत्रात लपत नाही). एखाद्या वाटपाचा अंमल अर्धाच दिला गेला असेल, किंवा आकारबंदातले (मोजणी खात्याच्या क्षेत्र-आकारणी नोंदवहीतले) क्षेत्र आणि सातबाऱ्यातले क्षेत्र चाळीस वर्षांपासून वेगळेच चालत आले असेल. आज्ञावलीने अशी नोंद नाकारली तर तलाठ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, नोंद भरायचीच नाही. दोन, बेरीज जुळेल असा आकडा कोणाच्या तरी नावापुढे टाकायचा. दुसरी वाट सोपी आहे. तिच्यात जुनी, उघड दिसणारी चूक जाऊन नवी, न दिसणारी चूक येते, आणि डेटा तपासणारा अहवाल सर्व काही ठीक असल्याचे सांगतो.

म्हणून मॉडेलमध्ये दोन प्रकारची वाक्ये वेगळी लिहावी लागतात. काही गोष्टी असूच शकत नाहीत: गटाशिवाय क्षेत्र, फेरफाराशिवाय बदल. काही गोष्टी असू नयेत, पण आहेत: बेरजेतला फरक, आकारबंदाशी न जुळणारे क्षेत्र, खात्यात एकही हयात व्यक्ती नसणे. पहिल्या प्रकाराला आज्ञावलीने थेट नकार द्यावा. दुसऱ्या प्रकारची नोंद जशी आहे तशी आत घ्यावी, तिच्यावर विसंगत अशी खूण करावी आणि ती अहवालात दाखवत राहावे. ही वाटणी प्रोग्रामर एकटा करू शकत नाही, कारण कायदा काय म्हणतो आणि दप्तरात काय आहे यांतले अंतर त्याला ठाऊक नसते. तलाठीही ती एकटा करू शकत नाही, कारण यंत्र कशाला नकार देईल आणि कशाला देणार नाही हे त्याच्या हातात नसते.

विसंगती दुरुस्त करण्याचा मार्गही मॉडेलमध्येच यावा लागतो. संगणकाच्या बाजूला चुकीचा आकडा दिसला की एका आज्ञेने तो बदलण्याची सवय असते. महसुलात लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ प्रमाणे तहसीलदाराच्या आदेशाने होते, म्हणजे दुरुस्ती हीदेखील क्रमांक आणि तारीख असलेली घटना आहे. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवण्यासाठी एडिट आणि री-एडिटच्या सोयी द्याव्या लागल्या, तपासणीसाठी विसंगती दाखवणारे ओडीसी अहवाल निघाले आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून उतारे लोकांसमोर वाचले गेले. तलाठ्यांनी त्या काळात रात्री जागवल्या, कारण दिवसा सर्व्हरवर ताण असे. यांतले सर्व काम टाळता आले असते असे मी म्हणणार नाही. शंभर वर्षांच्या दप्तरातल्या चुका कोणत्याही मॉडेलने नाहीशा होत नाहीत. पण चूक दप्तरातली आहे की टंकलेखनातली की टेबलच्या रचनेतली, हे वेगळे सांगता आले असते तर निदान चावडीवर उत्तर देणाऱ्याचे हाल कमी झाले असते.

बैठकीत काय ठेवावे

डेटाच्या चौकटी आणि त्यांच्यातली नाती आकृतीत मांडण्याची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली आणि आजही अभ्यासक्रमात तीच पहिली शिकवली जाते. ती आकृती प्रोग्रामरांनी आपसांत खुशाल वापरावी. तहसील कार्यालयातल्या बैठकीत तिच्या जोडीला प्रत्येक रेषेचे मराठी वाक्य लिहिलेले असावे, आणि वाक्य असे असावे की त्यावर फक्त "हो", "नाही" किंवा "बहुधा हो, पण…" एवढीच उत्तरे संभवतात. तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण आणेवारी, दोन गावांतला दस्त, बेरीज न जुळणारा गट हे सर्व त्या "पण"च्या पुढे येतात. वाक्यांखाली खऱ्या नोंदींच्या ओळी भरलेल्या असाव्यात, नावे बदलून. त्यांची निवड करताना चांगले उतारे घेऊ नयेत. कोकणातला भूमापन क्रमांक आणि हिस्सा असलेला, एकत्रीकरण योजनेतल्या गावातला गट क्रमांकाचा, शहराच्या कडेचा निम्मा बिनशेती झालेला, आणि ज्याबद्दल मंडळ अधिकारी स्वतःच "हा मला कळत नाही" म्हणतो तो, असे उतारे निवडावेत.

टेबलांची नावे, अनुक्रमणिका, वेगाची गणिते या बैठकीत आणू नयेत. ती आणली की महसुलाची बाजू आदराने गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावला जातो. वाक्यांच्या कागदावर सही मात्र नोंद मंजूर करण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच करावी, आणि पुढे वाक्य बदलले तर कोणत्या शासन निर्णयामुळे बदलले ते शेजारी लिहावे. फेरफार नोंदवही सांभाळणाऱ्या खात्याला ही शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही.

व्यक्तीची चौकट

एक जागा शेवटपर्यंत अडचणीची राहते. या मॉडेलमध्ये व्यक्ती अशी चौकट काढली, पण सातबाऱ्यावर व्यक्ती नसते, नाव असते. खाते ११८ मधला महादू रामा आणि खाते २४५ मधला महादू रामा एकच, हे तलाठ्याला माहीत असते. कागदावर तसे म्हणणारे काही नाही. शेजारच्या गावातला महादू रामा तोच की दुसरा, हे तर त्यालाही सांगता येणार नाही. प्रोग्रामरने नाव जुळले म्हणून एकत्र केले तर दोन माणसांची जमीन एकाच्या नावावर दिसेल. वेगळे ठेवले तर एका माणसाची एकूण जमीन कधीच कळणार नाही.

अ‍ॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदींच्या योजनेत २०२४ च्या अखेरीपासून राज्यात दिला जाऊ लागलेला शेतकरी ओळख क्रमांक ही पोकळी भरू पाहतो. त्यात शेतकऱ्याचा आधार आणि त्याच्या जमिनी जोडल्या जातात. पण धोंडू रामासारखी मयत नावे, अज्ञान वारस, देवस्थाने, संस्था आणि गाव सोडून गेलेले सहधारक उताऱ्यावर असतातच, आणि त्यांतल्या कित्येकांना असा क्रमांक कधीच मिळणार नाही. तेव्हा व्यक्तीच्या चौकटीखाली दोन वाक्ये लिहावी लागतात: व्यक्तीला ओळख क्रमांक असू शकतो, असलाच पाहिजे असे नाही, आणि दोन खात्यांतली दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे ठरवण्याचा अधिकार आज्ञावलीला नाही, त्यासाठी खातेदाराचा अर्ज आणि तलाठ्याची पडताळणी लागते.